बोल्ट तुटतो त्याच्या खूप आधी सैल होतो

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं मागचं चाक भर रस्त्यात निखळलं, की जमलेल्या माणसांपैकी कुणीतरी तुटका बोल्ट उचलतो, उलटसुलट करून बघतो आणि निदान देऊन मोकळा होतो: "माल हलका होता." धाराशिव जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की रांजणी, ढोकी, मुरूम अशा कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टर धावतात. त्यातले बहुतेक नांगरटीसाठी घेतलेले असतात. हंगामात त्यांनाच डबल ट्रॉली जोडली जाते, मागे जाड टायर चढतात, टायरमध्ये पाणी भरलं जातं, काही जण चाकाची डिश उलटी फिरवून रुंदी वाढवतात. थोडक्यात, यंत्र बदललेलं असतं. चाक आणि अ‍ॅक्सल यांना एकत्र धरणारे आठ बोल्ट मात्र तेच राहतात, आणि त्यांच्याबद्दलच्या समजुतीही.

या समजुती निरुपद्रवी नाहीत. निखळलेलं चाक समोरून येणाऱ्या दुचाकीवर जातं, नाहीतर ट्रॉली कलंडते. म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

"ओझं बोल्टच्या अंगावर येतं"

सगळ्या घोळाचं मूळ या समजुतीत आहे. अ‍ॅक्सलचा जोर बोल्टच्या दांड्यावर आडवा येतो आणि बोल्ट अडसरासारखा तो झेलतो, असं आपल्याला वाटतं. चाकाच्या जोडात तसं होत नाही, आणि होऊही नये. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे चाकाची डिश अ‍ॅक्सलच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या चकतीवर, दाबली जाते. दोन पृष्ठभागांत घर्षण तयार होतं आणि अ‍ॅक्सलचा सगळा पीळ त्या घर्षणातून चाकाकडे जातो. बोल्टचं काम एवढंच, की तो दाब टिकवून धरायचा.

आकडे मांडून बघू. हिशेब समजण्यापुरता आहे. तुमच्या ट्रॅक्टरचे नेमके आकडे कंपनीच्या पुस्तिकेत मिळतील. पाणी भरलेल्या टायरसह मागच्या एका चाकावर 1,000 किलो भार आहे असं धरा. डांबरी रस्त्यावर टायरची पकड भाराच्या 70 टक्के धरली, तर टायर जमिनीवर जास्तीत जास्त 700 किलोचा जोर लावू शकतो. टायरची त्रिज्या 65 सेंटिमीटर आणि बोल्टच्या वर्तुळाची त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल, तर बोल्टच्या वर्तुळावर तो जोर साडेसहा पट होतो, म्हणजे सुमारे 4,550 किलो. आठ बोल्टांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 570 किलो येतात. पोलादावर पोलादाचं घर्षण 0.15 धरलं, तर एवढा जोर न घसरता पोचवायला प्रत्येक बोल्टने 3,800 किलोचा दाब द्यायला हवा.

8.8 प्रतीचा (प्रतीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) 16 मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर सुमारे 7 टन दाब देतो. म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट. आवळणी निम्म्याच्या खाली गेली, की डिश फ्लँजवर केसभर सरकायला लागते. तिथून पुढे बोल्ट प्रत्येक हिसक्याला वाकतो आणि सरळ होतो. शेवटी तो थकून तुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट वोलर यांनी गाड्यांच्या अ‍ॅक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग करून हेच दाखवलं होतं: धातू एका धक्क्यात तुटेल त्यापेक्षा कितीतरी कमी जोराने, पण तो जोर पुन्हा पुन्हा आला, तर तुटतो.

म्हणून तुटलेला बोल्ट फेकून देऊ नका. त्याचं तुटलेलं तोंड पुसून उजेडात धरा. बहुतेक वेळा एका बाजूचा भाग गुळगुळीत दिसतो, त्यावर समुद्राच्या ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा कमानदार रेषा असतात, आणि उरलेला छोटा भाग खडबडीत असतो. रेषांचा भाग हळूहळू चिरत गेला, खडबडीत भाग शेवटच्या हिसक्याला गेला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर निष्कर्ष सरळ आहे: बोल्टात शेवटपर्यंत पुरेशी ताकद होती, त्याची आवळणी मात्र केव्हाच गेली होती.

माल हलका असूच शकत नाही का? असतो. डोक्यावर कसलीच खूण नसलेला, हार्डवेअरच्या दुकानातून वजनावर आणलेला बोल्ट बहुधा 4.6 प्रतीचा धरावा लागतो. 16 मिलिमीटरचा असा बोल्ट कायमचा न ताणता जास्तीत जास्त 3,600 किलो दाब देतो. वरच्या हिशेबातले 3,800 किलो त्याच्याकडून कधीच मिळणार नाहीत, कितीही आवळा. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा न वाचता तो चाकाला लावणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

"जितका घट्ट, तितका चांगला"

पान्याला मीटरभर पाइप लावायचा आणि त्यावर उभं राहायचं, ही गावोगावची पद्धत. साठ किलोच्या माणसाने असं केलं तर 60 किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो. वर सांगितलेल्या बोल्टला कोरड्या आट्यांवर लागतात साधारण 23. अडीच पटींहून जास्त जोराने बोल्ट एकतर तिथेच तुटतो, किंवा त्याहून वाईट, तुटत नाही. कायमचा लांब होतो. बाहेरून घट्ट वाटतो, पण त्याचे आटे ताणले गेलेले असतात. पहिल्या काही खेपांत तो ढिला पडतो.

याला जोडूनच आट्यांना ऑइल लावण्याची सवय आहे. गंजू नये म्हणून लावतात, हेतू चांगला असतो. पण पान्याने दिलेल्या पिळाचा फक्त दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा सगळा आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो. ऑइलने घर्षण कमी झालं, की त्याच पिळात बोल्ट सुमारे एक तृतीयांश जास्त ताणला जातो. त्यामुळे पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑइल लावलेल्या, हे आधी बघायचं आणि आठही बोल्टांना एकच पद्धत वापरायची. चार कोरडे आणि चार तेलकट, हा सर्वांत वाईट प्रकार.

"खाली स्प्रिंग वायसर आहे, काळजी नाही"

ही समजूत गॅरेजांतच नाही, शिकल्यासवरल्या लोकांतही घट्ट आहे. चिरलेला स्प्रिंग वायसर बोल्टला सैल होऊ देत नाही असं मानतात. बोल्ट पुरेसा आवळला की तो वायसर पूर्ण सपाट होतो, आणि सपाट झाल्यावर तो साध्या वायसरपेक्षा काहीही जास्त करत नाही. नासाने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या बोल्टविषयक पुस्तिकेत हे निःसंदिग्धपणे लिहिलेलं आहे.

नट सैल का होतो, हे 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या कंपनांपेक्षा आडव्या सरकण्याने नट फार लवकर उलटा फिरतो. जोड प्रत्येक वेळी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकला, की आट्यांतलं घर्षण क्षणभर सुटतं आणि नट थोडा मागे येतो. काही शे हेलकाव्यांत पकड संपू शकते.

आता हे आपल्या रस्त्यावर आणून बघा. फडातून बाहेर पडताना काळ्या चिखलात ट्रॅक्टर पूर्ण जोर लावतो. पीळ पुढच्या दिशेने. बालाघाटाच्या डोंगररांगेतून उतरताना, येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटात, भरलेल्या ट्रॉल्या मागून ढकलतात. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या अ‍ॅक्सलच्याच वाटेवर काम करतात. त्यामुळे ब्रेकचा सगळा पीळ त्याच आठ बोल्टांतून, पण उलट्या दिशेने जातो. पुढे, मागे, पुढे, मागे. युंकर यांनी प्रयोगशाळेत मशीनने जे केलं ते इथे प्रत्येक खेपेत होतं.

मग उपाय काय? पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे योग्य आवळणी. जोड सरकलाच नाही तर नट फिरण्याचं कारण उरत नाही. कंपनीने जिथे शंकूच्या आकाराचे नट किंवा चिरलेली शंकूसारखी बुशं दिलेली असतात, तिथे तीच वापरावीत. ट्रकच्या आणि मोठ्या जीपच्या हाफ शाफ्टच्या फ्लँजवर ती बुशं असतात आणि गॅरेजमध्ये सर्वांत जास्त हरवणारी वस्तूही तीच. त्यांच्याशिवाय फ्लँजला नेमकं मध्ये धरणारं काही राहत नाही.

"रंग मारला की गंज लागत नाही"

खंडेनवमीला यंत्राची पूजा, त्याआधी धुणं आणि रंगरंगोटी, आणि मग हंगामाला सुरुवात. या क्रमात एक धोका दडलेला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

चाक काढलेलं असताना डिशच्या आतल्या बाजूला आणि फ्लँजच्या तोंडावरही रंग मारला जातो. 16 मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळल्यावर किती ताणला जातो? जोडाची जाडी 40 मिलिमीटर धरली तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. त्याची सगळी ताकद, ते सात टन, एवढ्याशा लांबण्यावर उभे असतात. रंगाचा थर साधारण तेवढाच जाड असतो. काम सुरू झालं, उष्णता आली, रंग दबला, चुरा होऊन बाहेर गेला, की बोल्टचं लांबणं घटतं आणि त्याबरोबर दाबाचा मोठा वाटा जातो. नट एक अंशही फिरलेला नसतो. नट फिरला तर कळावं म्हणून त्यावर खूण केली असेल तर खूणही जागेवर असते. तरी जोड सैल झालेला असतो.

म्हणून दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे उघडं, स्वच्छ पोलाद हवं. तारेच्या ब्रशने गंज आणि जुना रंग काढा, माती पुसा, ऑइल पुसा. रंग बाहेरून द्या, जोड आवळल्यावर. आणि नीट साफ केलेला जोडही पहिल्या कामात थोडा बसतोच, म्हणून नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या सर्व्हिसमध्ये चाकाचे बोल्ट पुन्हा आवळायला सांगितलेलं असतं. चाक काढून बसवल्यावरही तेच लागू: पहिली भरलेली खेप झाली की पुन्हा टॉर्क पाना, म्हणजे पीळ मोजणारा पाना, लावायचा.

"12.9 चा टाका, विषय संपला"

जास्त प्रतीचा बोल्ट आपोआप जास्त दाब देत नाही. 8.8 च्या जागी 12.9 बसवला आणि आवळला तेवढाच, तर पकड तेवढीच राहते. फक्त पैसे जास्त गेले. शिवाय इतक्या कठीण बोल्टवर जस्ताचा विद्युत मुलामा चढवला, तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरू शकतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी नुसता उभ्या गाडीत तुटू शकतो. कंपनीने 10.9 दिला असेल तर 10.9 च लावा, आणि 10.9 च्या आकड्याने आवळा.

जगभरात जुन्या स्पोर्ट्स गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांनाही हेच शिकावं लागलं. जुन्या फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या प्रत्येक सांध्याला 8 मिलिमीटरचे सहा बोल्ट असतात. इंजिन दुप्पट ताकदीचं बसवलं की ते बोल्ट तुटायला लागतात आणि मालक आणखी कठीण बोल्ट शोधत फिरतो. सांध्यातलं ग्रीस फ्लँजच्या तोंडावर झिरपून घर्षण गेलेलं असतं, तिकडे लक्ष जात नाही. साफ करून, मापाने आवळून, थोडं चालवून पुन्हा आवळल्यावर तेच बोल्ट बहुतेक वेळा टिकतात. त्यापुढे ताकद वाढवायची असेल तर बोल्टांचं वर्तुळ मोठं हवं किंवा पीळ झेलायला वेगळ्या पिना हव्यात.

"एकच तुटलाय, एकच बदला"

एक तुटला तेव्हा बाकीच्या सातांनी त्याचं ओझं घेतलं होतं. त्यांच्यातही चिरा सुरू झालेल्या असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. आठही बदला. डिशची भोकं अंडाकृती झाली असतील तर डिशही बदला. ओघळलेल्या भोकावर नवा बोल्ट टिकत नाही.

आणि वेल्डिंग नको. नट बोल्टला वेल्ड केला की सैल होणार नाही, असं वाटतं खरं. पण बोल्टची ताकद त्याला दिलेल्या पाण्यात असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती त्याच जागी जाते, शिवाय वेल्डच्या कडेला चीर सुरू व्हायला आयती जागा मिळते.

रोज बघण्यासारखी खूण एकच सांगतो. नटच्या कडेने किंवा डिश आणि फ्लँजच्या फटीतून तांबूस पिवळी भुकटी झिरपलेली, तेलकट असेल तर काळसर ओघळ आलेला, म्हणजे आत पोलाद पोलादावर घासतंय. तो गंज पावसाचा नसतो. त्या खेपेला ट्रॉली सोडून आधी चाक बघायचं.

कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर काट्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभे असतात. ट्रॉलीला लाल परावर्तक लावले आहेत का, हे हंगामाच्या सुरुवातीला तपासलं जातं आणि ते योग्यच आहे. त्याच आवारात एक चांगला टॉर्क पाना, तारेचा ब्रश आणि कोणत्या ट्रॅक्टरला किती आवळणी याचा तक्ता ठेवायला कारखान्याला काही हजार रुपये लागतील. एका ट्रॅक्टरची दोन्ही मागची चाकं तपासायला दहा मिनिटं पुरतात, आणि तेवढा वेळ रांगेत प्रत्येकाकडे असतो.