हल्कचे पूर्वायुष्य : एका चित्रकथा-चरित्राचा उलटा प्रवास

कादंबरीतील पात्राचे आयुष्य कादंबरी संपते तेथे थांबते; नंतर बदलतात ते केवळ त्याचे अन्वयार्थ. दशकानुदशके चालणाऱ्या मालिका-चित्रकथेतील पात्राला हे स्थैर्य लाभत नाही. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, आणि चरित्र पुढे जसे वाढते तसेच मागेही वाढत राहते. तिसाव्या वर्षी नायकाला अचानक एक बालपण मिळते, आणि ते मिळताच आधीच्या सर्व कथांचा अर्थ पालटतो. अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाचा हल्क हे ह्या प्रक्रियेचे विशेष बोलके उदाहरण होय. ब्रूस बॅनर ह्या शास्त्रज्ञाच्या ठायी असलेला राक्षस नेमका केव्हा जन्मला, ह्या एकाच प्रश्नाची उत्तरे ह्या मालिकेने वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी दिली.

पहिले उत्तर मे १९६२ च्या पहिल्या अंकात आहे. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. बॅनरने स्वतः तयार केलेल्या गॅमा बॉम्बची वाळवंटात चाचणी व्हायची आहे. उलटगणती सुरू असताना रिक जोन्स नावाचा एक पोरसवदा मुलगा मित्रांशी लावलेल्या पैजेपायी मोटार घेऊन चाचणीक्षेत्रात शिरलेला दिसतो. गाडीत बसून तो माउथ ऑर्गन वाजवतो आहे. गणती थांबवण्यास सांगून बॅनर धावतो, मुलाला खंदकात ढकलतो, स्वतः मात्र उघड्यावरच राहतो. गणती थांबलेली नसते, कारण ती ज्याच्यावर सोपवली तो सहकारी इगोर हा सोव्हिएत हेर असतो. वरवर पाहता दोष शत्रुपक्षाच्या माथी मारण्याची ही शीतयुद्धकालीन सोय आहे. कथेची रचना मात्र अधिक कठोर आहे. बॉम्ब इगोरचा नव्हे, बॅनरचा आहे. एका मुलाचा जीव वाचवताना त्याच्यावर जे कोसळते ते त्याचेच कर्तृत्व आहे. पहिली अणुचाचणी १९४५ साली ज्या न्यू मेक्सिकोत झाली, तेथेच ही कथा घडते. वातावरणातील चाचण्यांना मनाई करणारा करार १९६३ चा. म्हणजे कथा प्रसिद्ध झाली तेव्हा आकाशातील किरणोत्सार ही कल्पना नव्हती.

ह्या कथेची मांडणी पक्की होती असे मात्र नाही. पहिल्या अंकातील हल्क राखाडी आहे. छपाईत तो रंग एकसारखा उतरेना म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. रूपांतर प्रथम सूर्यास्ताबरोबर होई, पुढे यंत्राच्या साहाय्याने होऊ लागले. मालिका सहाच अंकांत, मार्च १९६३ मध्ये बंद पडली. १९६४ मध्ये अन्य एका मासिकात ती पुन्हा सुरू झाली, आणि स्टीव्ह डिटको चित्रकार असतानाच रूपांतराचे कारण मानसिक ताण आणि संताप हे ठरत गेले. आज जे हल्कचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते ते मूळ कल्पनेत नव्हते. ह्या बदलाचे महत्त्व क्वचितच ध्यानात घेतले जाते. सूर्यास्त बाहेरून येतो, संताप आतून. कारण आत सरकले की ‘हा संताप आला कोठून?’ हा प्रश्न अटळ ठरतो.

दूरचित्रवाणीने ह्या प्रश्नाला आपल्यापरीने उत्तर दिले. १९७७ च्या प्रारंभिक चित्रपटात व त्यानंतर १९८२ पर्यंत चाललेल्या मालिकेत नायकाचे नाव डेव्हिड बॅनर आहे, आणि बॉम्ब मुळी नाहीच. मोटार-अपघातात पत्नीला वाचवता आले नाही ह्या शल्यातून तो प्रयोगशाळेत स्वतःवर गॅमा किरणांचा प्रयोग करतो. सैन्य गेले, सरकार गेले. उरले ते एका माणसाचे दुःख.

चित्रकथेने हेच वळण ऑक्टोबर १९८५ च्या ३१२ व्या अंकात घेतले. बिल मँट्लो ह्यांनी लिहिलेल्या व माइक मिन्योला ह्यांनी चितारलेल्या ह्या अंकात बॅनरचे बालपण येते. त्याचा पिता ब्रायन हाही अणुशास्त्रज्ञ. आपल्या कामातील किरणोत्सारामुळे आपले बीजच बिघडले, ह्या भयाने तो पोटच्या मुलाकडे राक्षस म्हणून पाहतो, त्याला मारझोड करतो. मुलाला घेऊन घर सोडू पाहणाऱ्या आईची, रिबेकाची, तो त्या मुलादेखत हत्या करतो. म्हणजे ‘राक्षस’ हे नाव बॅनरला बॉम्बने दिलेले नाही. ते त्याला घरातच मिळाले. बॉम्बने केवळ आत कोंडलेल्याला देह दिला.

‘राक्षस’ हा प्रतिशब्द येथे काहीसा नाइलाजानेच वापरावा लागतो. आपल्या परंपरेत राक्षस ही योनी आहे. त्याला कूळ असते, आईबाप असतात. १९६२ चा हल्क हा ह्या अर्थाने राक्षस नव्हता, कारण तो अपघातजन्य आणि निष्कुल होता. १९८५ ने त्याला कूळ दिले.

ह्या पुनर्रचनेमुळे व्यक्तिरेखेला खोली आली, यात शंका नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात बहुव्यक्तित्वविकृती ही स्वतंत्र संज्ञा म्हणून आली होती. तो काळच बालपणातील आघाताची भाषा बोलू लागला होता. परंतु ह्या लाभाची किंमतही मोजावी लागली. हल्क हा पित्याच्या क्रौर्याचा परिणाम ठरला की बॉम्ब हे निमित्त ठरते, आणि बॉम्ब बनवणाऱ्या बॅनरची जबाबदारी अत्याचारित बॅनरच्या करुणेत विरघळून जाते. अणुशास्त्रज्ञ पिता हा धागा दोन्ही कारणांना जोडू शकला असता. मँट्लोंनी तो हाती घेतला, पण ताणला नाही.

१९८७ ते १९९८ ह्या काळात सलग लेखन करणाऱ्या पीटर डेव्हिड ह्यांनी मँट्लोंचा वारसा रीतसर चालवला. त्यांच्या कामगिरीतील सर्वांत विचारार्ह भाग भाषेचा आहे. १९६२ चा हल्क उद्धट पण पूर्ण वाक्यांत बोलतो. साठच्या दशकात पुढे त्याची वाक्ये तुटत गेली आणि तो स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा न करता ‘हल्क’ असा करू लागला. ही प्रथम केवळ मंदबुद्धीची खूण होती. बालपणाची कथा आल्यावर तीच खूण वेगळे बोलू लागते. मराठी घरांतील दोनअडीच वर्षांचे मूलही ‘बाळाला पाहिजे’ असेच म्हणते. ‘मी’ त्याला अजून सापडलेला नसतो. हिरवा हल्क म्हणजे त्या वयापाशी थांबलेला बॅनर, हा अर्थ जुन्या अंकांवर मागाहून चढला. डेव्हिड ह्यांचा राखाडी हल्क मात्र लास व्हेगासच्या जुगारखान्यात जो फिक्झिट ह्या नावाने वावरतो आणि तेथलीच टपोरी बोली बोलतो. तो जणू पौगंडावस्थेचा आवाज आहे. जानेवारी १९९१ च्या ३७७ व्या अंकात मनोविकारतज्ज्ञ डॉक सॅमसन संमोहनाच्या साहाय्याने ह्या तिघांना एकत्र आणतो, आणि हिरव्या देहातून बॅनरचा सुशिक्षित ‘मी’ ऐकू येतो. उपचार म्हणून हा प्रसंग हृद्य आहे. त्या अंकात बॉम्बला मात्र फारसे काम उरलेले नाही.

ते काम त्याला परत मिळाले ते अल युइंग (लेखन) व जो बेनेट (चित्रे) ह्यांच्या २०१८ ते २०२१ मधील पन्नास अंकी मालिकेत. येथे रूपांतर पुन्हा रात्रीच होते: बॅनर दिवसा मारला गेला तरी सूर्यास्तानंतर हल्क उठून उभा राहतो. पिता ब्रायनही आहे, पण तो आता केवळ स्मृती नाही. गॅमाच्या तळाशी असलेल्या एका नरकसदृश स्थळाशी त्याचा संबंध जोडलेला आहे. घर आणि चाचणीक्षेत्र ही दोन उगमस्थाने अशी एका भूगोलात आणली जातात. आणि बॅनरच्या अंतरंगातील जे रूप आधीच्या लेखकांनी सर्वांत भयंकर म्हणून रंगवले होते, तो ‘डेव्हिल हल्क’, युइंगच्या कथेत त्या मुलाचा सांभाळ करणारा बाप होतो. मुलाला राक्षस म्हणणाऱ्या पित्याच्या जागी मुलाने स्वतःच एक राक्षस पिता म्हणून निर्माण केला आहे. आणि तो स्पष्ट शब्दांत, ‘मी’ म्हणत, आपले त्याच्यावर प्रेम आहे असे सांगतो.