काम नाही तर भत्ता : रोजगार हमीचा कायदा आणि आपण सभासद



तोडणीचा हंगाम आला की गटागटांतून एकच ओरड ऐकू येते : "साहेब, हमीने मजूर पळवले." टोळी उशिरा आली, खोडव्याच्या बुडख्या छाटायच्या राहिल्या, की खापर रोजगार हमीवर फुटते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या बाबतीत नवा कायदा संमत केला. त्यावर बांधावर बरीच उलटसुलट चर्चा चालते, म्हणून चार शब्द लिहितो.

ही हमी मूळची आपल्या महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. १९७२-७३ च्या दुष्काळात तिची गरज साऱ्या राज्याला पटली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आला? नोकरदारांच्या व्यवसाय करातून, आणि बागायती जमिनीवरच्या उपकरातून. कारखान्याच्या पगारपत्रकावर व्यवसाय कर कापला जातो, त्याचे मूळ हे आहे.

या कायद्याचा खरा दात म्हणजे बेकार भत्ता. काम मागितल्यापासून १५ दिवसांत मिळाले नाही, तर सरकारने भत्ता द्यायचा. सुरुवातीला तो रोजचा किमान एक रुपया होता. रक्कम किरकोळ, पण काम देणे ही मेहेरबानी न राहता सरकारचे देणे झाले.

२००५ साली केंद्राने देशभराचा कायदा केला. पहिल्या २०० जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. घरामागे वर्षाला १०० दिवस काम, आणि भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे दिवसाला ७८ आणि नंतर १५६ रुपये. मजुरी केंद्राची, भत्ता राज्याचा, अशी वाटणी होती. काम दिले नाही तर राज्याच्याच खिशाला चाट, म्हणजे काम लवकर निघेल, असा हिशेब. तरीही आमच्या गटांतल्या गावांत भत्ता घेतलेला माणूस आम्हांला अजून भेटायचा आहे!

कारण साधे आहे. मागणी तोंडी होते. ग्रामरोजगार सेवकाला पारावर सांगितले, तो "बघतो भाऊ" म्हणाला, की झाले. तारखेची पोचपावती हातात नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून?

नव्या कायद्यात दिवस १२५ केले आहेत, भत्त्याची तरतूद ठेवली आहे. मात्र मजुरीतही ४० टक्के वाटा आता राज्यावर आला. दुसरी गोष्ट आपल्याशी निगडित. पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत वर्षाला एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवायची, आणि ते दिवस राज्याने आधी जाहीर करायचे. यावर आपले काही सभासद खूश आहेत. आम्हांला तितकेसे पटत नाही. गाळप चालते महिनोन् महिने, त्यात ६० दिवस कुठे पुरणार? त्यांवर कपाशीची वेचणी आणि खरिपाची पेरणी आधी हक्क सांगेल.

शिवाय मजूर जातो कुठे ते पाहा. साक्री, नंदुरबारकडचा कोयता सुरत-बारडोलीच्या कारखान्यांकडे जातो. चाळीसगावच्या तांड्यांतून गाड्या भरून जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल हातावर ठेवतो. हमीत आधी काम, मग मोजमाप, मग पैसे. या दोघांत तोडणीवाला कुणाला धरील? हमीने पळवला म्हणणे सोपे, पण ते खरे नाही.

आणखी एक. आपल्यांत एकर-दीड एकरवाले पुष्कळ आहेत. लागण संपली की आखाजीपर्यंत हाताला काम नसते. सातबारा नावावर असला तरी अंगमेहनतीचे काम मागता येते, ही गोष्ट कित्येकांना ठाऊक नाही. लाजायचे कारण नाही, उपकर आपल्याही बागायतीवर होताच. नमुना ४ चा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा, पावतीवर तारीख आणि सही आहे ना हे तिथेच उभे राहून पाहावे, मगच घरी यावे. दिलेल्या कामावर मात्र हजर राहावे, नाहीतर भत्त्याचा हक्क जातो. अर्ज भरता येत नसेल त्यांनी गट कार्यालयात शेतकी मदतनीसांना भेटावे, ते भरून देतील.