कासाची चिकित्सा आणि प्रतिजैविकांचा विवेक

हिवाळा सुरू झाला की मराठवाड्यातील चिकित्सालयांत प्रतिश्याय व कासाचे रुग्ण वाढू लागतात. यांतील बहुसंख्य विकार विषाणुजन्य असतात व त्यांवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. तरीही रुग्णाच्या आग्रहापोटी अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिन लिहिले जाते. क्वचित चिठ्ठीविनाच दिलेही जाते. याचे पर्यवसान कशात होते, हे महाराष्ट्राने क्षयरोगाच्या रूपाने पाहिले आहे.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतील सुमारे १०० खासगी चिकित्सकांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी धारावीत पुन्हा पाहणी केली. १०६ चिकित्सकांकडून ६३ योजना आल्या. बरोबर योजना लिहिणारे केवळ ६ निघाले. त्यांत आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधरही होते, हे आपण विसरता कामा नये. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून, चाचणी केलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे ४ रुग्ण नोंदले गेले.

यामागील कार्यकारणभाव समजून घेणे अगत्याचे आहे. लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधे क्षयजंतूंवरही कार्य करतात. निदान न करता ती खोकल्यासाठी दिली, तर रुग्णास तात्पुरता उपशम मिळतो, थुंकीतील जंतू दिसेनासे होऊ शकतात व निदान लांबते. दुर्बल जंतू मरतात, प्रतिकारक्षम जंतू उरतात. हीच औषधे बहुऔषधरोधी क्षयाच्या चिकित्सेचा आधार असल्याने, तो आधारच आपण आपल्या हातांनी पोखरतो.

महाराष्ट्र शासनाने १९९२ व १९९९ च्या अधिसूचनांद्वारे विशिष्ट अनुसूचींतील नोंदणीकृत वैद्यांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. ही मुभा म्हणजे उत्तरदायित्वही होय. औषधविक्रेत्यांसाठी मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. क्षयाची औषधे, लेव्होफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम आदींची विक्री करताना चिकित्सकाचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व मात्रा यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती ३ वर्षे जतन करावी लागते. क्षयरुग्णाची शासनास सूचना देणे २०१२ पासून चिकित्सकांना, तर २०१८ पासून औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक आहे.

नित्य व्यवहारात पुढील बाबी पाळाव्यात :

१) दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजनात घट किंवा रक्तष्ठीवन असल्यास प्रथम थुंकीची तपासणी. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य होते. आपल्या शहरात घाटी रुग्णालयाचा मार्ग रुग्णास दाखवावा.

२) निदान होईपर्यंत लेव्होफ्लॉक्सॅसिन वर्गातील औषधे टाळावीत.

३) साध्या प्रतिश्यायात लंघन, उष्णोदक, सितोपलादी आदी शास्त्रोक्त उपचार करावेत, मात्र श्वासाची गती वाढणे, छाती आत ओढली जाणे, ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

४) उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत, जुन्या चिठ्ठीवर औषध पुन्हा घेऊ नये, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय, हा क्रम आपल्या संहितांनी फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. कासाकडे डोळसपणे पाहण्याचा तो वारसा आहे. निदानापूर्वी औषध लिहिणारा हात क्षणभर थांबला, तरी त्या वारशाचे सार्थक होईल.