सड्यावरचा हत्ती आणि आपला कॅमेरा

रविवारी मोटार काढली की आम्ही रत्नागिरीकर पाहुण्यांना थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग दाखवतो. त्यांची छायाचित्रे घरोघरी असतात. परंतु आमच्या जिल्ह्यातली याहून कितीतरी जुनी कला पायांखाली आडवी पडली आहे. उक्षीच्या सड्यावर जांभ्यात हत्ती कोरलेला आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या अंगात इतर प्राणीही कोरले आहेत.

भर दुपारी गेलात, तर नुसता काळा कातळ दिसेल. सूर्य डोक्यावर असताना उथळ रेघेत सावली पडत नाही, आणि सावलीवाचून चित्र उमटत नाही. म्हणून सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. मोजमाप कळण्यासाठी शेजारी पट्टी ठेवावी. रेघांत खडू भरू नये, चपला घालून वर चढू नये.

एवढे कशासाठी? याच जांभ्यातून आमचे खाणकामगार चिरे काढतात. दोष त्यांचा नव्हे; सड्यावर काय कोरले आहे, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादी दगड राखीत नाही, माणसे राखतात. तेव्हा चित्राची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, दुसरी चिरेखाणीवर दाखवा. कातळाला यंत्र लावण्यापूर्वी कामगाराने रेघ ओळखली, तर तुमचा रविवार सार्थकी लागला.