ऑफिसची सहल, थेट गुहेत!

ऑफिसातल्या मंडळींबरोबर मेघालयात सोहऱ्याला (शाळेत शिकलेलं चेरापुंजी) गेलो आणि पहिल्यांदाच मॉम्लूच्या नैसर्गिक गुहेत शिरलो.

"आपल्याकडे लेणी काय कमी आहेत?" अकाउंट्सवाल्या काकांनी विचारलं.

पण लेणी माणसाने कोरलेली. आपला बेसॉल्ट पाण्यात असा विरघळत नाही. इथला चुनखडक मात्र विरघळतो. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगा रुंदावत जातं. तेच पाणी गुहेत ठिबकताना चुना मागे ठेवतं. छतावरून लोंबणारे ते अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर येणारे ते ऊर्ध्वमुखी.

मॉम्लूच्याच एका लवणस्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पाऊस आटल्याची खूण मिळाली. म्हणून २०१८ मध्ये पृथ्वीच्या चालू कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं. हे ऐकून काका गप्प!

आत गुडघाभर पाणी, कुठे ओणवं होऊन, कुठे चक्क रांगत जायचं. साहेब आणि ट्रेनी एकाच चिखलात. मजा आली!

जाणार असाल तर स्थानिक वाटाड्या हवाच. हेल्मेट, डोक्यावरचा दिवा, शिवाय जादा टॉर्च. जीन्स नको, भिजली की जड होते. नोव्हेंबर ते मार्च उत्तम, पावसाळ्यात गुहा पाण्याने भरतात. आणि लवणस्तंभांना हात लावू नका, हाताच्या तेलकटपणाने त्यांची वाढ थांबू शकते.

बंद जागेची भीती वाटते? आमच्यातल्या दोघांना वाटत होती. काहीही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.