फिजीतल्या उसाचा वकील

फिजीचे पंतप्रधान सितिवेनी राबुका ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीला येऊन गेले, तेव्हा गिरमिटिया, म्हणजे करारावर तिथे नेलेले भारतीय मजूर, आणि राबुकांनीच केलेला १९८७ चा लष्करी उठाव या दोन्हींची उजळणी झाली. अंबालाल डाह्याभाई पटेलांची आठवण मात्र फारशी कुणी काढली नाही, आणि ते मला खटकले.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले पटेल लंडनहून बॅरिस्टर होऊन १९२८ मध्ये फिजीत उतरले. मजुरीचे करार तोवर संपले होते. पण गिरमिटियांची मुलेबाळे ज्या कंपनीला ऊस घालत, तीच मजुरांचीही मोठी मालक होती: ऑस्ट्रेलियाची कलोनियल शुगर रिफायनिंग. भाव तिने ठरवायचा, वजन तिच्याच काट्यावर. १९४३ च्या ऊस संपात पटेल शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी विधान परिषदेवर निवडून गेले.

तिथे त्यांचा हट्ट एकच होता: सर्वांची मतदारयादी एक हवी. १९६५ च्या लंडन परिषदेने ३६ जागा वाटल्या त्या वंशानुसार. लोकसंख्येत निम्मे असलेल्या भारतीयांना १२ आणि मूठभर युरोपियन यादीला १०! सप्टेंबर १९६७ मध्ये पटेलांच्या फेडरेशन पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागांच्या पोटनिवडणुकांत ते सगळे आधीपेक्षा जास्त मतांनी परतले.

१९६९ मध्ये उसाचा नवा करार ठरवायला इंग्लंडचे लॉर्ड डेनिंग लवाद म्हणून आले. जुन्या हिशेबात कंपनी आधी आपला खर्च वजा करी, उरलेल्यात शेतकऱ्याचा वाटा. म्हणजे तोटा झाला तर तो शेतकऱ्याच्याच माथी. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. लवादापुढे शेतकऱ्यांची बाजू पटेलांनी स्वतः मांडली. डेनिंग यांनी साखर व मळीच्या उत्पन्नाचे थेट ६५ टक्के शेतकऱ्याला आणि ३५ टक्के गिरणीला असे वाटप केले, शिवाय किमान भावाची हमी दिली. कंपनीला ते परवडेना. १९७३ मध्ये तिने फिजी सोडली.

निवाडा १९७० मध्ये आला. पटेल १ ऑक्टोबर १९६९ लाच गेले होते. त्यांच्यामागे पक्षाने वंशवार याद्यांशी तडजोड केली आणि १० ऑक्टोबर १९७० ला देश त्या याद्यांसकट स्वतंत्र झाला. ती तडजोड चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे; १९८७ च्या उठावाची मुळे त्यातही होती. वंशवार याद्या गेल्या त्या थेट २०१३ च्या राज्यघटनेने.