वेठ संपली, आता दर आपण ठरवू!

गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामे होती त्यांत ने-आण करण्याचे काम मोठे होते. मयताची खबर परगावी पोचवायची, सरकारी कागद आणि साऱ्याची रक्कम तालुक्याला न्यायची, साहेबाचे सामान डोक्यावरून वाहायचे. ऊन-पाऊस पाहायचा नाही. मोबदला काय? वतनाचा तुकडा आणि दारोदार मागितलेली भाकरी! ही गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे विधेयक मांडले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आज चित्र काय आहे? आपल्या वस्त्यांतील असंख्य मुले पाठीवर भली मोठी बॅग घेऊन शहरभर पार्सले पोचवीत आहेत. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचे. दर मात्र कंपनी ठरवणार. कष्टात कमीपणा नाही. परंतु ज्या तरुणाला गल्ली न् गल्ली पाठ आहे, त्याने जन्मभर दुसऱ्याच्याच नावाचे ओझे का वाहावे?

कुरियरच्या धंद्याला कारखाना लागत नाही. एक गाळा, वजनकाटा, पावतीपुस्तक, मोबाइल आणि दुचाकी एवढ्यावर सुरुवात होते. देशभर जाळे असलेल्या कंपन्यांशी पहिल्याच दिवशी टक्कर घेऊ नये. तालुक्यातील औषध दुकाने, मोबाइल दुरुस्तीवाले, वकील, शिलाईकाम करणारे बचत गट यांचा माल जिल्ह्याच्या ठिकाणी रोज ठरल्या वेळी न्यावा-आणावा. लांबच्या मालासाठी एखाद्या मोठ्या कंपनीची एजन्सी घ्यावी. पण करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात : अनामत परत कधी मिळणार, प्रत्येक बुकिंगमागे कमिशन किती आणि माल हरवला तर भरपाई कोण देणार.

कायद्याचीही एक अडचण दूर झाली आहे. १८९८ च्या पोस्ट कायद्याने पत्रे वाहण्याचा खास हक्क सरकारकडे राखून ठेवला होता. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तो राहिलेला नाही. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात गुमास्त्यासाठी केवळ सूचना द्यावी लागते. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु आणि ५ लाखांपर्यंतचे किशोर कर्ज तारणाशिवाय मिळते. मात्र कर्ज म्हणजे अनुदान नव्हे. त्या पैशात बहिणीचे लग्न उरकले, की धंदाही गेला आणि पतही गेली.

हिशेब कच्चा असेल तर हा धंदा बुडवतो. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ उंच खोक्यात उशी असेल तर काट्यावर ती दोन किलोही भरणार नाही. पण लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागले, की वजन निघते ६ किलो. अनेक मोठ्या कंपन्या याच हिशेबाने पैसे लावतात. आपण दोन किलोचे घेतले, तर फरक आपल्या खिशातून जातो.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांचे सामान दुसऱ्या जहाजाने निघाले होते. ते जहाज पाणबुडीने बुडवले. भरपाईपोटी ६०० रुपये मिळाले, पण समुद्रात गेलेले ग्रंथ काही परत आले नाहीत. पार्सल हरवले तर माणसाचे काय जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून मालाची किंमत पावतीवर लिहून घ्या, किमती मालाचा विमा उतरवा, पोचपावतीवर सही घ्या आणि बंद खोक्यात काय आहे हे विचारल्याशिवाय ते स्वीकारू नका.

समाजाचेही कर्तव्य आहे. आपल्यातील दुकानदार, वकील, डॉक्टर, प्रकाशक आपले टपाल रोज कुणाच्या तरी हाती देतातच. त्यातले थोडे आपल्या मुलांच्या हाती का देऊ नये? दया म्हणून नव्हे, काम चोख असेल तरच द्यावे.

आणि धंदा उभा राहिल्यावर, मालकाच्या खुर्चीत बसलेल्या तरुणांनो, एवढे ध्यानात ठेवा : तुमच्याकडे पार्सल वाहणाऱ्या पोराला पेट्रोलचा खर्च वेगळा द्या, त्याचा अपघात विमा काढा, पगार ठरल्या तारखेला द्या. आपल्या बापजाद्यांनी वाहिलेली वेठ आपल्या हातून दुसऱ्याच्या डोक्यावर जाता कामा नये.